पाच नंबरचा पाय

तिला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नसे. दारावरच्या रखवालदारापासून थोरल्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या लेखी ती ‘पाच नंबर’ होती. पाच नंबर आली का, पाच नंबरला बोलवा, पाच नंबरला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. नवीन लागलेल्या माणसाला वाटे, हा कारखाना आहे की तुरुंग. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन समजावून सांगे, की बाबा रे, नवा बूट आधी एकाच मापात बनवतात. त्याला नमुन्याचा जोड म्हणतात. बायकांच्या बुटात हे माप पाच नंबरचं, आणि या बाईंचा पाय म्हणजे पाच नंबर. सूतभर कमी नाही, सूतभर जास्त नाही.

आता कुणी म्हणेल, पायाचं माप बरोबर असणं ही काय कर्तबगारी झाली? म्हणणाऱ्यानं एकदा तिच्याबरोबर कोर्टावर उतरून बघावं. कारखान्याच्या मागं, गोदामाच्या भिंतीला लागून सिमेंटचं एक टेनिस कोर्ट होतं. बायकांसाठी टेनिसचा नवा बूट निघाला की त्याचा पहिला जोड तिच्या पायात जायचा आणि साठ तास तिथंच राहायचा. रोज तीन तास, वीस दिवस. समोर चेंडू फेकणारं यंत्र. ते दमत नसे, आणि दया तर त्याला ठाऊकच नव्हती. एक चेंडू डाव्या कोपऱ्यात, पुढचा उजव्या. ती धावायची, थांबायची, वळायची, पुन्हा धावायची. ऊन असो, ढग असोत, आदल्या दिवशी ताप येऊन गेलेला असो.

टेनिस लोकांना हाताचा खेळ वाटतो. तिला विचाराल तर तो थांबण्याचा खेळ आहे. पळता कुणालाही येतं. पळत जाऊन एका जागी पाय रोवायचा, चेंडू मारायचा आणि त्याच पावली उलट फिरायचं, इथं बुटाची खरी परीक्षा. सरळ रस्त्यावर पळायचा बूट इथं आडवा कलंडतो. टेनिसच्या बुटाची बाहेरची कड टणक लागते. तळाच्या नागमोडी खाचांनी जमीन धरायला हवी, पण इतकीही घट्ट नाही की पाय जागीच अडकेल आणि गुडघा पिरगळेल. सर्व्हिस करताना मागच्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत येतो, म्हणून तिथं जाड रबर लागतं. हे सगळं ती पायानं वाचायची. संध्याकाळी बाकावर बसून तक्ता भरायची. पकड, चवडा, टाच, घाम, झीज. प्रत्येकापुढं ‘ठीक’ किंवा मग जे काय असेल ते.

तिच्या तक्त्याला सगळे वचकून असत. एका वर्षी बाहेरून आलेल्या कुणा मोठ्या कारागिरानं असा देखणा बूट काढला होता की कार्यालयातल्या मुली तो हातात घेऊन बसायच्या. तिनं दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं, ‘हा बूट कपाटात ठेवायचा आहे, पायात घालायचा नाही.’ कारागिरानं आकाशपाताळ एक केलं. बूट मात्र परत गेला.

अशी अठरा वर्षं झाली. तिला दिवस गेले तेव्हा पाय सुजले, आणि कारखान्यात असा घोर लागला जणू बाळापेक्षा पायाचंच काय होतंय ते महत्त्वाचं. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा कारखान्यात आली तेव्हा भांडारातल्या माणसानं नमस्कार करायच्या आधी पट्टी काढली. पाय पुन्हा पाच नंबर झाला होता. त्यानं तो आकडा मोठ्यानं ओरडून सांगितला आणि शिलाईच्या खात्यात टाळ्या वाजल्या. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, “या घरात मी तुझ्याशी लग्न केलंय, पण पाय कंपनीचे आहेत. उसने आणतेस तू घरी.” ती हसायची. मनातून तिला ते खरंही वाटायचं आणि आवडायचंही. ज्या घरात लहानपणी तिच्या पायासाठी कधी नवा बूट आला नाही, त्या घरातल्या मुलीच्या पायावर आता हजारो बुटांचा निकाल ठरत होता. त्याचा अभिमान तिला होता. का नसावा?

तर त्या वर्षी एका शाळेतून पत्र आलं.

धाकट्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. थोरल्या साहेबांचा हा मुलगा, स्वभावानं मवाळ, कुणाला नाही म्हणायचं तर आधी चष्मा पुसणारा. त्यानं चष्मा पुसला आणि पत्र पुढं सरकवलं. शाळेत मुलींना टेनिस शिकवणाऱ्या खेळाच्या बाई होत्या. तेहतीस वर्षांच्या. मुलींना दाखवता दाखवता लांबच्या चेंडूवर गेल्या, वळल्या आणि पडल्या. घोट्याचं हाड मोडलं आणि आतल्या शिरा फाटल्या. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी सरळ विचारलं होतं, बुटात दोष होता का? दोष असेल तर हा कामावरचा अपघात, बाई बऱ्या होईपर्यंत त्यांची जागा राखून ठेवता येईल. त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर नव्या सत्रापासून दुसरी बाई घ्यावी लागेल. सोबत खेळाच्या बाईंनी अंथरुणातून लिहिलेली एक ओळ होती. ‘थांबून वळताना टाच बुटातून वर आली आणि पाय मुरगळला.’

“याच बुटाबद्दल आधीही दोघींनी कळवलंय,” धाकटे साहेब म्हणाले. “टाच वर येते म्हणून. ताई, तुम्हीच पास केलाय हा. काय म्हणता?”

पायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं तिचं झालं. साठ तास. दोन वेळा तळ बदलायला लावला होता तिनं या बुटाचा. आणि कुठल्या तरी तिघी जणी उठून म्हणतात, टाच वर येते.

“माझी नाही आली कधी,” ती म्हणाली.

“मग असं का होत असेल?”

“लेस ढिली बांधली असणार, दुसरं काय. बूट घातला, दोन वेढे दिले, पळाल्या. मग पाय मुरगळला की बुटाच्या नावानं खडे फोडायचे.”

धाकट्या साहेबांना एवढंच हवं होतं असं नाही म्हणता येणार, पण एवढं मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला हे खरं. तासाभरात पत्र टाईप होऊन आलं. सदर बूट कोर्टावर साठ तास वापरून तपासला आहे, त्यात टाच सरकत नाही, लेस ढिली बांधल्यामुळे अपघात झाला. तिनं वाचलं. ती ‘बांधली असणार’ म्हणाली होती. कागदावर ते ‘असणार’ कुठं दिसत नव्हतं. एक क्षण तिचा हात थांबला. मग तिला वाटलं, एवढ्याशा शब्दानं काय होतंय, अठरा वर्षं काय मी झोपा काढल्या? तिनं सही केली. त्या बाईंचा बूट अजून कुणी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. हे तेव्हा तिच्याही मनात आलं नाही आणि साहेबांच्याही.

बूट आला तीन आठवड्यांनी. शाळेनं रीतसर पाठवलेला खोका तक्रारींच्या खोलीत पडून राहिला होता. तिथली मुलगी तो घेऊन आली आणि म्हणाली, “पाच नंबर, हे तुमच्याकडे ठेवा. पत्र तर केव्हाच गेलंय, पण फेकवत नाही.”

उजव्या पायाचा बूट वर होता. दवाखान्यात सुजलेल्या पायातून तो निघेना म्हणून त्यांनी लेस मधोमध कात्रीनं कापली होती. त्यामुळं वरचा भाग जसा बांधलेला तसाच राहिला होता. तिनं तो उजेडात धरला. दुहेरी गाठ होती, खेचून घट्ट बसवलेली. लेस जिथं भोकाशी घासली जाते तिथं चपटी झाली होती, म्हणजे बाईंनी ती जोर लावून ओढली होती. इतकी नीट गाठ कारखान्याच्या शोकेसमधल्या बुटालाही नसते. ढिली कशाची!

ती खाली बसली. बूट मांडीवर घेतला. बूट कुठं उसवला नव्हता, गाठीत दोष नव्हता. टाचेच्या बाजूला, घोट्याजवळ, भोकांच्या ओळीत शेवटचं एक भोक जास्तीचं असतं. ते रिकामं होतं. त्यात काही विशेष नाही. जगातल्या शंभरातल्या नव्वद बायका ते भोक रिकामंच सोडतात, कित्येकींना ते कशासाठी असतं हेही माहीत नसतं. पण तिची नजर तिथून हलेना. कारण त्या रिकाम्या भोकाकडं बघताना तिच्या ध्यानात आलं, की आपण आयुष्यात एकदाही ते भोक रिकामं सोडलेलं नाही.

तिचे वडील एका क्लबच्या कोर्टांची देखभाल करायचे. पाणी मारणं, रेषा आखणं, जाळी ताणणं. क्लबातल्या कुणी टाकून दिलेले बूट तिच्या दादाला मिळायचे आणि दादाला आखूड झाले की तिला. तिला ते दोन बोटं मोठे व्हायचे. ती नऊ वर्षांची होती, बूट पायात फडफडायचे आणि ती भिंतीवर चेंडू मारता मारता पडायची. मग वडिलांनी तिला पायरीवर बसवून एक गाठ शिकवली. शेवटच्या भोकातून लेस त्याच बाजूनं परत आत घालून लहानसा फासा सोडायचा, दोन्हीकडं तसंच करायचं, मग इकडची लेस तिकडच्या फाशातून ओवायची आणि खाली खेचून बांधायची. टाच बुटात जखडून बसते. “आता पळ,” वडील म्हणाले होते. ती पळाली, ती सदतीस वर्षं पळतच राहिली. बूट बदलले, तिच्या मापाचे झाले, तरी हात तीच गाठ मारत राहिले. दात घासताना आपण विचार करतो का, कुठल्या बाजूनं सुरुवात केली ते? तसंच हे. अठरा वर्षांच्या तक्त्यांत ‘टाच’ या शब्दापुढं तिनं ‘ठीक’ लिहिलं होतं, आणि ते ठीक बुटाचं नव्हतंच. ते त्या गाठीचं होतं.

पण नुसतं मनात येऊन काय उपयोग? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच बुटाचा कोरा जोड काढला. लेस बाईंनी बांधली होती तशी बांधली, शेवटचं भोक सोडून, दुहेरी गाठ मारून. यंत्र चालू केलं.

पाचव्या मिनिटाला टाच हलली. तिनं थांबून लेस आणखी आवळली, पायाच्या वरच्या बाजूला रग लागेपर्यंत आवळली. टाच तरी हललीच. प्रत्येक थांबण्याला ती बोटभर वर यायची आणि परत बसायची. चवडा मात्र पुढं घसरून बोटं टोकाला आपटत होती. पंधराव्या मिनिटाला यंत्रानं उजव्या कोपऱ्यात लांबचा चेंडू टाकला. तिनं पाय रोवला. बूट थांबला, टाच थांबली नाही. पाऊल बाहेरच्या अंगाला कललं आणि ती दोन्ही हातांवर सिमेंटवर आदळली. तळहात सोलून निघाले. घोटा वाचला, कारण ती शेहेचाळीस वर्षांची होती आणि मनात भीती धरून पळत होती. त्या बाई तेहतीस वर्षांच्या होत्या आणि वीस मुली बघत होत्या. त्या जीव ओतून पळाल्या असणार.

ती तिथंच बसून राहिली. यंत्र आपलं चेंडू टाकतच होतं.

दुपारी ती साच्यांच्या खोलीत गेली. तिथं छतापासून जमिनीपर्यंत पायाच्या आकाराचे ठोकळे टांगलेले असत. त्यांना फर्मे म्हणतात, त्यांच्यावर बूट बेतला जातो. ते घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे फर्मेकाका म्हणायचे. त्यांची निवृत्ती दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा ते दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले होते. तिनं त्यांच्यापुढं बूट ठेवला.

“काका, हा फर्मा बायकांचा आहे ना?”

काकांनी तिच्या तळहाताच्या पट्ट्यांकडं पाहिलं, मग बुटाकडं. “बायकांचा म्हणजे काय? पुरुषांचाच आहे, बारीक केलेला. बायकांचा म्हणून वेगळा फर्मा या खोलीत कधी झालाच नाही.”

“म्हणजे?”

“अगं, बाईचा चवडा रुंद असतो आणि टाच अरुंद असते. पुरुषाचा पाय लहान केला म्हणून बाईचा होत नाही. टाचेकडं जागा उरते.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“सोळा वर्षांपूर्वी लेखी दिलं होतं मी,” काका म्हणाले. “टाच अरुंद करा, नवे फर्मे पाडा म्हणून. वरून उत्तर आलं, पाच नंबरची काही तक्रार नाही. तिला त्रास होत नाही तर दुसऱ्या कुणाला होणार?”

तिला तोंडात मारल्यासारखं झालं. “मला का नाही विचारलंत काका? एका शब्दानं?”

“काय विचारायचं पोरी? मी लाकडावर हात फिरवणारा माणूस. पळत तू होतीस. तुझ्या पायापुढं माझं कोण ऐकणार होतं? मलाच वाटलं, आपलंच काही चुकत असेल.” काकांनी बूट परत तिच्या हातात दिला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस तिनं जुने नमुने काढले. तिनंच पास केलेले, विकायला गेलेले, कित्येक बायकांनी घालून झिजवून टाकलेले. साध्या गाठीनं एकेक जोड घालून ती कोर्टावर उतरली. सातांपैकी पाच जोडांत टाच वर आली. किती जणींची नखं काळी पडली असतील, किती जणी ‘मला नाही जमत हा खेळ’ म्हणून घरी बसल्या असतील, किती जणींना कुणीतरी म्हणालं असेल, नीट बांधत जा. त्यातल्या एकीलाही ती ओळखत नव्हती. तिला वाटलं, आपण त्या सगळ्यांच्या पायात पाय घालून पाडलंय.

तिनं तक्ता भरला आणि धाकट्या साहेबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“ताई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय लिहून देताय? अठरा वर्षांचे तुमचे सगळे तक्ते खोटे ठरतील.”

“खोटं मी एकही अक्षर लिहिलं नाही, साहेब. पण ते एकट्या माझ्यापुरतं खरं होतं.”

“हो, पण हे बाहेर...” ते थांबले. “बाबांशी बोलतो. थोडे दिवस द्या.”

“त्या बाईंकडं दिवस नाहीत. सत्र सुरू होतंय.”

“बोलतो म्हटलं ना.”

आठवडा गेला. ती रोज विचारायची, ते रोज चष्मा पुसायचे. थोरले साहेब बाहेरगावी होते, मग परत आले पण कामात होते. कुणी तिला नाही म्हणालं नाही. होही कुणी म्हणेना. शेवटी घरी, कोमट पाण्यात पाय सोडून बसलेली असताना ती नवऱ्याला म्हणाली, “मी स्वतःच जाते शाळेत.”

नवऱ्यानं हातातला स्क्रू बशीत ठेवला. “जा.”

“नोकरी जाईल.”

“जाईल,” तो म्हणाला. नाही जाणार, असलं काही खोटं त्यानं तिला सांगितलं नाही. “एका कागदावर सही केलीस तू. आता दुसऱ्यावर कर. कंपनीचा कागद नसेल तर आपल्या घरात वह्या आहेत.”

तिनं वहीचं पान घेतलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा लिहिलं आणि त्याची एक नक्कल करून पर्समध्ये ठेवली.

शाळेच्या मोठ्या बाई करड्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी पान वाचून खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तुम्हाला उशीर झाला. मी त्यांना काढलं नाही. तुमचं पत्र दाखवलं, तर त्यांनी स्वतःच राजीनामा लिहून दिला.”

“स्वतः? का?”

“पहिल्या दिवशी मुलींना त्या लेस बांधायला शिकवतात. म्हणाल्या, मलाच ती बांधता येत नसेल तर मी कोणत्या तोंडानं शिकवू?” मोठ्या बाईंनी टेबलाच्या खणावर हात ठेवला. “राजीनामा अजून माझ्याकडेच आहे, वर पाठवायला मन झालं नाही. पण तो मागे घ्यायचा तर त्यांनीच घ्यायला हवा. मला नाही तो फाडता येणार.”

खेळाच्या बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या आईनं उघडलं आणि बुटांच्या कंपनीतून आलेय म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून ती स्वयंपाकघरात निघून गेली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बाई बसल्या होत्या, समोरच्या स्टुलावर उजवा पाय. प्लास्टर निघालं होतं. घोटा अजून जाड होता आणि पोटरी मात्र वाळून डावीच्या निम्मी झाली होती. पाच नंबरनं त्या पायाकडं पाहिलं. तिला पायातलं कळत होतं. हा पाय चालेल, पण आता वळणार नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

तिनं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. आपण कोण, ती सही कुणाची, बूट न बघता कशी केली, आपली गाठ कोणती, कोर्टावर काय झालं, शाळेला आता काय लिहून दिलं. पर्समधून तिनं लेसचा तो कापलेला तुकडा काढला, दुहेरी गाठीसकट, आणि बाईंच्या हातात दिला.

“तुमची लेस ढिली नव्हती. ही बघा.”

बाईंनी तो तुकडा बोटांत फिरवला. ओरडतील, असं पाच नंबरला वाटलं होतं. त्या अगदी हळू बोलल्या.

“तुम्हाला माहितीये, पडले तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. मी घट्ट बांधली होती. दवाखान्यात सगळ्यांना तेच सांगत होते. मग तुमचं पत्र आलं. साठ तास तपासलाय म्हणे. आणि मग मला आठवायला लागलं, की सकाळी घाईत होते, ढिलीच राहिली असेल. रोज थोडं थोडं आठवत गेलं. शेवटी तर मला दिसायला लागलं, मी ढिली गाठ मारतेय, माझेच हात. शपथेवर सांगितलं असतं मी.” त्यांनी वर पाहिलं. “माझी स्वतःची आठवणसुद्धा तुम्ही नेलीत हो.”

माफ करा म्हणायला ती आली होती. तो शब्द आता इतका लहान वाटला की तिनं तो उच्चारलाच नाही.

“राजीनामा मोठ्या बाईंच्या खणात आहे,” ती एवढंच म्हणाली. “तुम्ही लिहून दिलंत तर मागे येईल.”

बाईंनी खिडकीतलं पॅड ओढलं. दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली, कागद फाडून तिच्याकडं दिला. “पळता नाही येणार, पण शिकवता येईल म्हणतात डॉक्टर. हे तुम्हीच नेऊन द्या.”

“देते. आत्ताच जाते.”

“थांबा. तुमचं ते पान आहे ना, शाळेला लिहिलेलं? नक्कल असेल तर वाचा. मोठ्यानं वाचा.” त्यांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. “दीड महिना आई मला म्हणतेय, एवढी मोठी झालीस आणि साधी लेस बांधता येईना. मी सांगून तिला पटायचं नाही. मलाच पटत नव्हतं.”

पाच नंबर उभी राहिली. शाळेत वर्गापुढं उभं करावं तशी, हातात पान धरून. ‘मी बुटांच्या कारखान्यात अठरा वर्षं चाचणीचं काम करते,’ तिनं वाचायला सुरुवात केली. आतला भांड्यांचा आवाज बंद झाला. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. ‘मी केलेली तपासणी चुकीची होती. मी सही केलेल्या पत्रात बाईंवर ठेवलेला दोष खोटा होता. बाईंनी लेस नीट, घट्ट बांधली होती. त्यांची काहीही चूक नव्हती.’

आई पुढं आली आणि लेकीच्या स्टुलाशी जमिनीवर बसली. तिनं हात पदराला पुसले आणि तो सुजका घोटा दोन्ही हातांत धरला. ते बघून पाच नंबरचं वाचणं थांबलं.

“थांबू नका,” खेळाच्या बाई म्हणाल्या. “ती लेसची ओळ पुन्हा वाचा.”